सामायिक वंशवृक्षातील सहकाऱ्यांची परस्पर नाती : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

सामायिक वंशवृक्षात एका माणसाची एकच नोंद असते आणि ती कोणा एकाच्या मालकीची नसते. त्यामुळे एखाद्या पूर्वजाच्या पानाचा इतिहास उघडला, की गेल्या काही वर्षांत त्या पानावर काम केलेल्या अनेकांची नावे एकाखाली एक दिसतात. ही माणसे त्या पूर्वजाची कोण लागतात, आणि म्हणून एकमेकांची कोण लागतात, हे मात्र बहुतेकदा त्यांनाही माहीत नसते. आमच्या गटापुरता हा प्रश्न पुराव्यानिशी सोडवायचा, असे आजच्या बैठकीत ठरले आणि नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले.

नाते शोधून देणारी साधने आज सहज उपलब्ध आहेत. क्रिस व्हिटन यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या विकिट्री या सामायिक वंशवृक्षाच्या संकेतस्थळावर दोन सदस्यांचे समान पूर्वज दाखवणारे साधन वेगळे आहे आणि विवाहसंबंध धरून सर्वांत जवळची वाट काढणारे साधन वेगळे आहे. जेनीवरही दोन व्यक्तींमधील वाट पिढ्यान्‌पिढ्यांसह दिसते. फॅमिलीसर्चच्या वृक्षात तर नोंदीत भर घालणाऱ्या सहकाऱ्याशी आपले नाते काय, हेही पाहता येते. मात्र त्यासाठी दोघांनीही तशी परवानगी दिलेली असावी लागते. मग हाताने करण्यासारखे उरते काय, असे एका सहकाऱ्यांनी विचारले आणि तो प्रश्न योग्यच होता. साधन वृक्षातला प्रत्येक दुवा खरा मानून चालते. अमुक स्त्री अमुक पुरुषाची मुलगी आहे असे कोणी एकदा नोंदवले, की त्या नोंदीमागे दाखला आहे की केवळ नावाचे साम्य, याची चौकशी साधन करत नाही. ती चौकशी हेच आमचे काम आहे.

सहकाऱ्यांची नावे या नोंदींत येणार नाहीत. प्रत्येकासाठी एक अक्षर ठरवले आहे.

११ जानेवारी २०२५

मोजणीची पद्धत आधी पक्की केली. रक्ताचे नाते आणि विवाहाने झालेली जोडणी हे दोन स्वतंत्र तक्ते असतील. दत्तक आणि सावत्र पालकत्व वृक्षात जसे आहे तसे राहील, कारण ते कुटुंब आहेच. परंतु जन्माच्या नात्याची वाट मोजताना अशा दुव्यावर स्पष्ट खूण केली जाईल, म्हणजे पुढे डीएनए चाचणीशी ताडून पाहताना घोटाळा होणार नाही.

पूर्वजांना क्रमांक देण्यासाठी आम्ही जुनी, सोपी आणि आजही सर्वत्र चालणारी पद्धत घेतली आहे. मिखाएल आयट्सिंगर यांनी १५९० मध्ये ती छापली आणि १८९८ मध्ये श्टेफान केकुले फॉन श्ट्राडोनिट्स यांनी तिचा पुन्हा प्रसार केला. आपण स्वतः १. कोणत्याही व्यक्तीचे वडील म्हणजे तिच्या क्रमांकाची दुप्पट आणि आई म्हणजे दुप्पट अधिक एक. त्यामुळे वडील २, आई ३, आजी-आजोबा ४ ते ७, पणजी-पणजोबा ८ ते १५ आणि त्यांच्यावरची पिढी १६ ते ३१. क्रमांक हाती आला, की वेगळा नकाशा न काढताही वाट उलगडता येते. माझ्या वृक्षातील २२ हा सम क्रमांक असल्याने ती व्यक्ती पुरुष आहे. निम्मे केल्यावर ११, म्हणजे त्याची मुलगी. ११ चा उरलेला एक सोडून निम्मे केल्यावर ५, म्हणजे माझ्या वडिलांची आई. मग २ म्हणजे वडील आणि शेवटी मी. थोडक्यात, २२ म्हणजे माझ्या वडिलांच्या आईच्या आईचे वडील.

दोन सहकाऱ्यांच्या याद्यांत एकच व्यक्ती कोणत्या दोन क्रमांकांनी आली आहे हे कळले, की नात्याचे अंतर लगेच निघते. याची पहिली प्रचिती आजच आली. ग यांच्या यादीत माझा हा २२ क्रमांकाचा पूर्वज ५२ क्रमांकावर आहे. ५२, २६, १३, ६, ३, १ अशी वाट उतरते, म्हणजे तो माझ्यापासून चार पिढ्या वर आणि ग यांच्यापासून पाच पिढ्या वर आहे. त्यांची आई आणि मी त्या पूर्वजापासून सारख्याच अंतरावर आहोत. वृक्षाच्या सध्याच्या स्थितीनुसार दूरच्या नात्याने मी ग यांची मावशी लागते. त्या आणि मी बराच काळ एकाच पानावर दुरुस्त्या करत आलो होतो आणि एकमेकींना केवळ सदस्यनामाने ओळखत होतो. हे नाते कळल्यावर मला मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्याची तपासणी सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे करावी, असे मी सुचवले.

१९ जानेवारी २०२५

माझ्या आणि ग यांच्या वाटेतील प्रत्येक दुवा वेगळा काढून त्यासमोर पुरावा लिहिला. अमेरिकेतील वंशावळ-अभ्यासकांच्या प्रमाणन मंडळाचा निकष आम्ही मार्गदर्शक मानला आहे: शोध शक्य तितका सर्वांगीण असावा, प्रत्येक विधानाचा आधार पूर्ण दिलेला असावा, पुराव्यांची छाननी आणि तुलना व्हावी, विसंगतीचे निराकरण व्हावे आणि निष्कर्ष तर्कशुद्ध रीतीने लिहून ठेवावा. पाचही अपेक्षा प्रत्येक दुव्याला लावणे वेळखाऊ आहे. तथापि नाते जाहीर करायचे असेल तर त्यात सूट देता येत नाही.

अलीकडच्या पिढ्यांचे दुवे जन्मनोंदी आणि विवाहनोंदींवरून पक्के झाले. खरा प्रश्न वरच्या टोकाला आहे. वृक्षात ११ (माझी) आणि २६ (ग यांचे) ही एकाच दांपत्याची मुले म्हणून दाखवली आहेत. वडिलांबद्दल शंका घेण्यास जागा नाही, कारण दोघांच्याही विवाहनोंदीत वडिलांचे नाव, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण जुळते. आई मात्र दोघांपैकी कोणाच्याही विवाहनोंदीत नाही. ती वृक्षात आली आहे ती केवळ वडिलांची पत्नी म्हणून, आणि त्यावरून ती मुलांची आई असे गृहीत धरले गेले आहे. पत्नीची नोंद आणि आईची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या काळात बाळंतपणातले मृत्यू आणि त्यानंतरचे दुसरे विवाह किती सर्रास होते, हे ध्यानात घेतले तर हे गृहीतक सर्वांत आधी तपासायला हवे.

२ फेब्रुवारी २०२५

ग यांना आईची मृत्युनोंद सापडली. तिच्यातील तारीख मुलाच्या, म्हणजे २६ च्या, जन्मापूर्वीची आहे. माझ्याकडे वडिलांच्या मृत्युपत्राची प्रत होती. तिच्यात मुलीचा उल्लेख पहिल्या पत्नीची मुलगी असा आणि तिच्या पतीच्या नावासह आहे, तर मुलाचा उल्लेख हयात पत्नीच्या मुलांमध्ये आहे. ही प्रत माझ्याजवळ बऱ्याच काळापासून होती, परंतु तिच्यातील त्या शब्दांचे महत्त्व ग यांच्याकडची मृत्युनोंद शेजारी ठेवल्यावरच लक्षात आले. एक कागद एका शाखेत उतरला, दुसरा दुसऱ्या शाखेत, आणि दोन्ही शाखांचे वंशज एकत्र बसले नसते तर सामायिक वृक्षावरची ती चूक आणखी कित्येक वर्षे तशीच राहिली असती.

निष्कर्ष असा की ११ आणि २६ ही सावत्र भावंडे होत: वडील एक, आया वेगळ्या. ग यांच्याशी माझे नाते कायम आहे, परंतु ते एका पूर्वजातून येते, दांपत्यातून नाही. स्यूअल राइट यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या नाते-गुणांकाच्या (दोन नातेवाइकांत सरासरी किती आनुवंशिक वाटा समान, याच्या मापाच्या) हिशेबाने, चार आणि पाच अशा एकूण नऊ पायऱ्यांसाठी प्रत्येक समान पूर्वजामागे एक छेद ५१२ इतका वाटा येतो. दोन्ही पूर्वज समान असते तर तो दुप्पट, म्हणजे एक छेद २५६, झाला असता. वृक्षातील दुसऱ्या पत्नीची नोंद नव्याने तयार करून मुलगा तिच्याशी जोडला, दोन्ही दाखल्यांचे तपशील पानावर दिले आणि पहिला दुवा का काढला याचे स्पष्टीकरण चर्चेच्या भागात लिहिले. स्पष्टीकरण न लिहिता दुवा काढला, तर पुढे येणारा एखादा प्रामाणिक सदस्य तो चांगल्या हेतूने पुन्हा जोडतो.

८ फेब्रुवारी २०२५

विवाहाने झालेल्या जोडण्यांचा तक्ता आज पूर्ण झाला. गटातील सर्व सहकारी एकमेकांशी अशा वाटेने जोडले जातात, पण काही वाटा इतक्या लांब आहेत की त्यांना नाते म्हणणे योग्य वाटत नाही. त्या ‘जोडणी’ या शीर्षकाखालीच राहतील.

१६ फेब्रुवारी २०२५

च आणि छ यांच्या शाखा इंग्लंडमधील एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, पोहोचतात, परंतु साधन त्यांच्यात रक्ताचे नाते दाखवत नव्हते. कारण शोधले असता एकाच माणसाच्या दोन नोंदी आढळल्या. एकीत बाप्तिस्मा फेब्रुवारी १७४९ मधला होता, दुसरीत फेब्रुवारी १७५० मधला; वडिलांचे नाव, गाव आणि महिन्यातील दिवस तंतोतंत सारखे होते. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे त्या काळच्या नोंदवहीत फेब्रुवारी १७४९ असे लिहिलेला दिवस आजच्या गणनेने फेब्रुवारी १७५० मध्ये पडतो. च यांच्या शाखेतील सदस्याने नोंदवहीतले वर्ष जसेच्या तसे घेतले होते आणि छ यांच्या शाखेतील सदस्याने ते आजच्या गणनेत बदलले होते. दोघांनीही काम काळजीपूर्वक केले होते. जानेवारी ते २४ मार्च या काळातील अशा तारखा १७४९/५० या रीतीने दोन्ही वर्षांसह लिहिण्याचा अभ्यासकांचा जुना प्रघात आहे आणि तोच आम्ही यापुढे पाळणार आहोत. सप्टेंबर १७५२ मध्ये तिथे २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, हेही मार्गदर्शक टिपणात नमूद केले आहे.

विलीनीकरणाचा प्रस्ताव दोन्ही नोंदींच्या व्यवस्थापकांना पाठवला आहे. त्यांची संमती येईपर्यंत च आणि छ यांचे नाते ‘संभाव्य’ या रकान्यात राहील.

दुहेरी नोंदींचे आणखी एक मोठे कारण म्हणजे एका ठिकाणचा वृक्ष फाइलच्या रूपात उचलून दुसरीकडे एकदम ओतणे. जेडकॉम हे त्यासाठीचे माध्यम १९८४ पासून वापरात आहे आणि त्याच्यामुळे आदानप्रदान शक्य झाले, याबद्दल आपण सर्वांनी कृतज्ञ असायला हवे. तरीही सामायिक वृक्षात आधी शोध आणि मग नवी नोंद, हा क्रम मोडता कामा नये.

१ मार्च २०२५

आजची नोंद लिहिणे जड जात आहे. ख आणि घ यांनी काही वर्षांपूर्वी साधनाच्या आधारे आपले नाते शोधले होते आणि तेव्हापासून ते एकमेकांना आप्त मानत आले आहेत. त्यांच्या वाटेतील एक दुवा तपासात टिकला नाही. ज्या माणसातून दोघांची वाट जाते, त्याला त्याच्या आईवडिलांशी जोडण्यासाठी दिलेला एकमेव आधार जन्मनोंद हा होता. त्याच कुटुंबाच्या नोंदी पुढे वाचल्या असता त्या मुलाचा मृत्यू बालपणीच झाल्याचे दिसले. नंतर जन्मलेल्या भावाला तेच नाव दिले गेले, ही त्या काळी अनेक समाजांतली सर्वसाधारण रीत होती. पण त्या दुसऱ्या मुलाचे वय विवाहनोंदीतल्या वयाशी जुळत नाही. शिवाय जवळच्याच गावात त्याच नावाचा आणि योग्य वयाचा आणखी एक माणूस आढळतो. त्यामुळे हा दुवा ‘अनिश्चित’ असाही ठेवता येणार नाही. तो काढावाच लागेल.

निर्णय जाहीर करण्यापूर्वी मी दोघांशी स्वतंत्रपणे बोलले आणि सर्व कागद त्यांच्यासमोर ठेवले. घ यांनी स्वतःच मृत्युनोंदीकडे बोट दाखवून मान्य केले. ख यांनी विचार करण्यासाठी वेळ मागितला आणि तो देणे अगत्याचे होते. जोडून दिलेले नाते काढून घेणे हे नुसते माहितीतील दुरुस्तीचे काम नसते, ही जाणीव अशा प्रकल्पात काम करणाऱ्या प्रत्येकाने ठेवली पाहिजे. म्हणूनच माझे ठाम मत आहे की साधनाने दाखवलेली वाट सहकाऱ्याला कळवताना तिच्यातील सर्वांत कच्चा दुवा कोणता, हेही त्याच संदेशात कळवावे. तक्त्यात त्यासाठी आजपासून स्वतंत्र रकाना केला आहे.

९ मार्च २०२५

डीएनए चाचणीविषयी गटात दीर्घ चर्चा झाली. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते की चाचणीने सगळेच प्रश्न एकदम सुटतील. ते म्हणणे समजण्यासारखे असले तरी दूरच्या नात्यांपुरते ते फसवे आहे. आजी-आजोबा समान असलेल्या भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो, पणजी-पणजोबा समान असल्यास सुमारे ३.१ टक्के आणि त्याहून एक पिढी वर गेल्यास सुमारे ०.८ टक्के. हा वाटा प्रत्येक पिढीत यदृच्छेने विभागला जात असल्याने, या शेवटच्या टप्प्यावर अंदाजे दहांपैकी एका जोडीत ओळखता येईल असा समान तुकडा उरत नाही, आणि आणखी एक पिढी वर गेल्यास जवळपास निम्म्या जोड्यांत तो नसतो. त्यामुळे जुळणी झाली नाही, म्हणून नाते नाही, असे या अंतरावर म्हणता येणार नाही.

केवळ वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची किंवा केवळ आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची चाचणी कितीतरी अधिक पिढ्या मागे पोहोचते, पण त्यासाठी वाट अखंड पुरुषांची किंवा अखंड स्त्रियांची असावी लागते. माझी आणि ग यांची वाट दोन्हींकडून स्त्री-पुरुष अशी मिश्र असल्याने तिथे या दोन्ही चाचण्या निरुपयोगी आहेत. ख आणि घ यांच्या तुटलेल्या दुव्याच्या बाबतीत मात्र एका बाजूला अखंड पुरुषांची शाखा शिल्लक आहे आणि जवळच्या गावातील त्या दुसऱ्या माणसाच्या वंशजांपैकी कोणी चाचणीस तयार झाले, तर काही निष्कर्ष निघू शकेल. कोणावरही चाचणीसाठी आग्रह धरायचा नाही, हे सर्वानुमते ठरले. चाचणीतून जवळच्या कुटुंबातील अशाही गोष्टी उघड होऊ शकतात ज्या विचारल्याच गेल्या नव्हत्या.

२३ मार्च २०२५

ट आणि ठ यांच्यात साधनाने एकच वाट दाखवली होती. हाताने शोधल्यावर आणखी दोन सापडल्या. साधन बहुधा सर्वांत जवळची वाट दाखवून थांबते, परंतु ज्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांत विवाह झाले तिथे एकच पूर्वज अनेक क्रमांकांवर येतो. याचे टोकाचे उदाहरण राजघराण्यांत दिसते. स्पेनचा राजा बारावा आल्फोन्सो याचे आईवडील, राणी दुसरी इसाबेला आणि फ्रान्सिस्को, हे दुहेरी भावंडे होते: दोघांचे वडील सख्खे भाऊ आणि दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. त्यामुळे वृक्षात आल्फोन्सोच्या पणजी-पणजोबांच्या आठ जागांवर प्रत्यक्षात चारच माणसे आहेत. ट आणि ठ यांच्या तिन्ही वाटांचे गुणांक स्वतंत्रपणे काढून त्यांची बेरीज केली आहे. त्यांच्या चाचणीत समान डीएनए अपेक्षेपेक्षा अधिक का आला, याचा उलगडाही त्यातून झाला.

एका सहकाऱ्यांनी विचारले की पुरेसे मागे गेल्यावर सगळेच एकमेकांचे नातेवाईक ठरतात, तर एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय. पहिला भाग खरा आहे. तीस पिढ्या मागे गेल्यास वृक्षातील जागा १,०७,३७,४१,८२४ इतक्या होतात आणि हा आकडा त्या काळच्या साऱ्या जगाच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी मोठा आहे. अर्थात त्या जागांवर तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात. रोड, ओल्सन आणि चँग यांनी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार, आजच्या सर्व माणसांचा सर्वांत अलीकडचा समान पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वीचा असू शकतो. म्हणूनच ‘आपण नातेवाईक आहोत का’ या प्रश्नात मला फारसे तथ्य वाटत नाही; कोणत्या माणसांतून, कोणत्या दाखल्यांच्या आधारे, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. सामायिक श्रमाचे फळ किती मोठे असू शकते याचा दाखलाही आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जेनीवरील ८ कोटी ६० लाख सार्वजनिक नोंदी तपासून, शुद्ध करून, त्यांतून १ कोटी ३० लाख माणसांचा एक सलग वृक्ष उभा करण्यात आला. त्या नोंदी परस्परांना न ओळखणाऱ्या सामान्य सदस्यांनीच भरल्या होत्या.

६ एप्रिल २०२५

दोन हयात सहकाऱ्यांमधील वाट दोन्ही टोकांना हयात माणसांतूनच जाते, ही अडचण तक्ता गटासमोर ठेवताना पुढे आली. सहकाऱ्याने स्वतः संमती दिली असली तरी त्याच्या आईवडिलांनी ती दिलेली नसते. म्हणून गटासाठीच्या प्रतीत वाट समान पूर्वजापासून सुरू होऊन शेवटच्या दिवंगत व्यक्तीपाशी थांबेल आणि त्यापुढे केवळ पिढ्यांची संख्या असेल. ड यांनी आपली संमती मागे घेतली. त्यांच्या ओळी त्याच दिवशी काढल्या आणि कारण विचारले नाही.

२० एप्रिल २०२५

च आणि छ यांच्या पूर्वजाच्या दोन्ही नोंदी व्यवस्थापकांच्या संमतीने विलीन झाल्या असून त्यांचे नाते ‘संभाव्य’मधून ‘सिद्ध’ या रकान्यात आणले आहे. ख यांनी कळवले आहे की त्यांना दुव्याबाबतचा निर्णय मान्य आहे आणि जवळच्या गावातील त्या दुसऱ्या कुटुंबाचा शोध त्या आणि घ मिळून घेणार आहेत. त्या गावाच्या विवाहनोंदींची वाटणी दोघांनी करून घेतली आहे. ग आणि मी आमच्या समान पूर्वजाचे वडील कोण, या प्रश्नाकडे वळलो आहोत. माझ्या यादीत ते ४४ आणि ग यांच्या यादीत १०४ क्रमांकावर येतात आणि सध्या त्यांच्या नावामागे एकही दाखला नाही. दाखला मिळेपर्यंत त्या दुव्यावर ‘अनिश्चित’ अशी खूण राहील आणि त्याच्यावरून जाणारी कोणतीही वाट कोणत्याही सहकाऱ्याला नाते म्हणून कळवली जाणार नाही.